दुर्री जोकर केली की पोकरची मजा वाढते का?

प्रश्न: आम्ही सहा जण, सगळे जुने कॉलेजवाले, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी पोकर खेळतो, टेक्सास होल्डेम (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच). पैसे अगदी किरकोळ. आमच्यातल्या एकाला साधा खेळ बोअर होतो म्हणून तो दरवेळी काहीतरी नवीन काढतो, कधी दुर्री जोकर, कधी सत्ती-दुर्रीवर बक्षीस, कधी चार पानांचा ओमाहा. दोघांना हे जाम आवडतं, बाकीचे म्हणतात पोरखेळ लावलाय. घरच्या नियमांनी खेळ खरंच रंगतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: तुमच्या मित्राने तीन नियम आणलेत, त्यातले दोन झकास आहेत आणि एक बाद. बाद कुठला ते तुम्हालाही माहीत असणार, दुर्री जोकर.

नवा नियम आला की मी एवढंच बघतो, त्याने माझ्यासमोर विचार करायला नवीन काही येतंय का, की नुसती सगळ्यांच्या हातात मोठी पानं येताहेत. पहिलं असेल तर बिनधास्त खेळा. दुसरं असेल तर अर्ध्या तासात जांभया.

आता दुर्रीचं बघा. पोकरमध्ये जो हात कमी वेळा येतो तो मोठा, सगळा क्रम त्यावरच उभा आहे. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात, त्यात टू पेअर (दोन जोड्या) १,२३,५५२ आणि थ्री ऑफ अ काइंड ५४,९१२, म्हणून तीन सारखी पानं टू पेअरला मारतात. चारही दुर्र्या जोकर केल्या की टू पेअर ९५,०४० वर येतं आणि थ्री ऑफ अ काइंड साडेतीन लाखांच्या वर जातं! का, तर समजा तुमच्याकडे दोन राण्या, एक नव्वी, एक पंजी आणि एक दुर्री आहे, ती दुर्री तुम्ही राणी म्हणून लावणार की नव्वी म्हणून? राणीच ना. सगळेच तसं करतात, त्यामुळे टू पेअर कमी वेळा येऊनही हरतं. बरं, मग क्रम उलटा करू, टू पेअरला मोठं धरू म्हणालात तर सगळे तीच दुर्री नव्वी म्हणून लावायला लागतील आणि आता टू पेअर ढिगाने येणार. कसंही करा, हिशोब बसत नाही. होल्डेममध्ये सात पानांतून पाच निवडतो म्हणून आकडे वेगळे निघतील, पण तिथे तर टेबलावर दुर्री उघडली की सहाही जणांना फुकटची पेअर, मग ब्लफ कोण आणि कोणाला मारणार?

तीन पत्तीतलं एके-४७ हे त्याचंच भावंड. एक्का, राजा, चव्वी, सत्ती सगळे जोकर, म्हणजे १६ जोकर. साध्या खेळात ट्रेल (तिन्ही पानं सारखी) २२,१०० हातांत ५२ वेळा, साधारण ४२५ हातांत एकदा. एके-४७ चा हिशोब कागदावर मांडला तर ५,७८० वेळा निघतो, म्हणजे चार हातांत एक! सहा जण बसलेत तर बहुतेक डावांत कोणाकडे तरी ट्रेल असणारच, मग तिन्ही पंज्या आल्याचा आनंद काय कपाळ होणार. दिवाळीत रात्री दोन वाजता, सगळे पेंगायला लागल्यावर एखादा राउंड लावा, त्याच्या पुढे नको.

याउलट सत्ती-दुर्री. होल्डेममधली ही सगळ्यात टाकाऊ जोडी, दोघींचं मिळून एक स्ट्रेटसुद्धा (सलग पाच पानं) होत नाही, हातात आली की माणूस बघतो आणि फेकतो. नियम असा की हिच्यावर डाव जिंकला की बाकी प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची. हातांचा क्रम तसाच, पानांची संख्या तीच, पण टेबलाचा मूड बघा कसा बदलतो. संध्याकाळभर गप्प बसलेला तुमचा मित्र शेवटच्या पानावर एकदम मोठा रेज टाकतो आणि तुम्ही विचारात पडता की याच्याकडे खरंच काही आहे, की हा सत्ती-दुर्री घेऊन बसलाय. हा विचार नियम येण्याआधी तुमच्या डोक्यातही आला नसता. म्हणून हा चांगला नियम.

ओमाहा पण चांगलाच, फक्त एक गोष्ट सगळ्यांना आधी घोकून घ्यायला लावा, हातातली दोनच पानं वापरायची, ना कमी ना जास्त. टेबलावर चार बदाम आणि तुमच्या हातात बदामचा एक्का एकटाच असेल तर तुमचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) झालेला नाही. यावरून होणारी भांडणं मी खूप बघितलीत, सगळ्यात जोरात ओरडणारा हमखास चुकलेला असतो.

तुमच्या मित्राला अजून एक सुचवा, शॉर्ट डेक. दुर्री ते पंजी काढून टाकायच्या, ३६ पानं उरतात. प्रत्येक रंगाची नऊच पानं राहिल्यामुळे फ्लश अवघड होतो, पाच पानांचे फ्लश ४८० आणि फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) १,७२८, म्हणून इथे फ्लश फुल हाउसला मारतो. बघा, पत्त्यांची रचना बदलली तर कोणीतरी बसून क्रमही बदलला. दुर्री जोकरवाले एवढे कष्ट घेत नाहीत, आणि घेतले तरी वर सांगितलं तसं जमणार नाहीच. आपल्या मेंढीकोटात बंद हुकूम आणि कट हुकूम हे दोन प्रकार आहेत ना, पानं तीच पण हुकूम कधी आणि कसा ठरतो यावरून अख्खा डाव वेगळा खेळावा लागतो, ते खरं व्हेरिएशन.

आणि साधा खेळ बोअर होतो म्हणणाऱ्याला पोरखेळ म्हणून हिणवू नका. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये २००६ साली ५०,००० डॉलर एन्ट्रीची हॉर्स स्पर्धा सुरू झाली, त्यात पाच वेगवेगळे पोकर आळीपाळीने खेळायचे, पहिल्याच वर्षी चिप रीस जिंकला. तिथेही लोकांना एकच खेळ पुरत नाही.

फक्त वाटणाऱ्याने खेळ निवडायचा असेल तर तोच खेळ पूर्ण फेरीभर चालू दे, सगळ्यांचं वाटून होईपर्यंत. होल्डेम आणि ओमाहात टेबलावर पानं उघडल्यावर वाटणारा शेवटी बोलतो, म्हणजे सगळ्यांची चाल बघून मग स्वतःची, तो फायदा मोठा असतो. एका डावापुरता आपल्या आवडीचा खेळ लावला तर तो फायदा त्यालाच, दुसऱ्या कोणाला नाही.

प्रश्न: तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्री मोठी की एक्का-राजा-राणी? दर दिवाळीला आमच्याकडे यावरून वाद.
– एक वाचक, सांगली

उत्तर: जास्त घरांत एक्का-राजा-राणी पहिली, एक्का-दुर्री-तिर्री दुसरी, मग राजा-राणी-गुलाम. काही घरांत एक्का-दुर्री-तिर्रीच सगळ्यात वर. दोन्ही चालतं, पानं वाटायच्या आधी बोलून घ्या म्हणजे झालं. गंमत म्हणून सांगतो, प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची सलग तीन पानं) ४८ प्रकारे होते आणि ट्रेल ५२, म्हणजे हिशोबाने प्युअर सिक्वेन्स मोठी पाहिजे, पण हे तुमच्या काकांना सांगायला जाऊ नका, तिथे अजून एक वाद सुरू होईल.

प्रश्न: पैसे न लावता पोकर खेळता येतो का? घरात मुलं असतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नुसत्या फुकटच्या चिप्सवर नाही जमत, हरायला काहीच नसलं की सगळे शेवटपर्यंत कॉल करत बसतात आणि ब्लफला अर्थच राहत नाही. स्पर्धा लावा. सगळ्यांना सारख्या चिप्स, संपल्या की बाहेर, परत मिळणार नाहीत, आणि दर वीस मिनिटांनी ब्लाइंड (पानं बघायच्या आधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स) दुप्पट. बाहेर बसून दुसऱ्यांचा डाव बघणं कोणालाच आवडत नाही, तेवढी भीती पुरते. पहिला बाहेर जाईल त्याच्याकडे चहा.