तो तेरावा मॅग्नेट लावायच्या आधी

अगं, तुझा मेसेज रात्री वाचला, व्हिडिओ तीनदा बघितला आणि सकाळी हे लिहायला बसलोय, कारण फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच "पण सर" म्हणाली असतीस आणि माझं सांगणं तिथेच राहिलं असतं. उत्तर आधीच देऊन टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. नाही चालणार. फक्त परमनंट मॅग्नेट, ना बॅटरी ना वायर ना कुणाचा हात, आणि तरी मोटर फिरतेय आणि वर काम पण करतेय, असं होत नाही. तू बारा मॅग्नेट लावलेस, चाक जवळजवळ पूर्ण फेरी मारतं आणि एका जागी येऊन अडकतं, आणि तुला वाटतंय की तेरावा बरोब्बर अँगलला बसला की ती जागा पार होईल. तो तेरावा मी पण लावलाय. चौदावा पण.

मी तुझ्यापेक्षा एखाद वर्षानं लहान असेन तेव्हा. सायकलचं जुनं चाक घेतलं होतं आणि बंद पडलेल्या स्पीकरमधले ते काळे गोल मॅग्नेट काढून हातोडीनं फोडले होते. फोडले की एक गंमत होते, तुकडे पुन्हा जागच्या जागी बसायला तयारच नसतात, एकमेकांना ढकलतात, आत्तापर्यंत एकाच चकतीत गुण्यागोविंदानं होते आणि आता भांडतायत. ते पाहून तर माझी खात्रीच पटली की ह्यांच्यात जोर ठासून भरलाय, फक्त बाहेर काढायचा मार्ग सापडला पाहिजे. रिमवर सगळ्या तुकड्यांचं एकच तोंड बाहेर करून चिकटवले, आणि एक मोठा तुकडा हातात धरून चाकाजवळ नेला. चाक फिरलं! तुकडा आला की जवळ न्यायचा, गेला की मागे घ्यायचा, दोन मिनिटात लय सापडली आणि चाक असं गरगर फिरायला लागलं की मी ओरडलोच. मला वाइंडिंग शिकवणारे जे गृहस्थ होते ते आले, बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "आता हात टेबलावर टेकवून ठेव."

टेकवला. चाक पुढे गेलं, थबकलं, मागे आलं, परत पुढे, झोपाळ्यासारखं हेलकावे खात खात कमी होत गेलं आणि थांबलं. हात क्लॅम्पमध्ये बांधला म्हण, तो मॅग्नेट क्लॅम्पमध्ये बसवला म्हण, तेच. म्हणजे इतका वेळ मोटर कोण होतं तर माझा हात. जवळ नेताना आणि मागे घेताना दर वेळी थोडा थोडा जोर मीच लावत होतो, तो इतका कमी असतो की लक्षातच येत नाही. तुझ्या व्हिडिओत पण बघ, चाळिसाव्या सेकंदाला तुझा अंगठा स्टेटरच्या, म्हणजे चाकाशेजारच्या न फिरणाऱ्या मॅग्नेटांच्या पट्टीवर आहे.

आता हे असं का, तर मॅग्नेटला जोर आहे ह्यात वादच नाही, पण जोर असणं आणि एनर्जी देत राहणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ह्या विषयातले नव्वद टक्के घोळ इथेच होतात. फ्रीजच्या दाराला चिकटलेला मॅग्नेट वर्षानुवर्षं कागद धरून ठेवतो, लोक म्हणतात बघा फुकट काम चाललंय. काम कसलं, कागद हललाय का? भिंतीतला खिळा पण कॅलेंडर धरून ठेवतो, खिळ्यात एनर्जी आहे असं कुणी म्हणत नाही.

तुझ्या चाकाचं बघ. चाक कुठल्या अँगलला आहे एवढ्यावरच मॅग्नेटांच्या त्या सगळ्या मांडणीत किती एनर्जी साठलीय ते ठरतं. तिथपर्यंत ते कसं आलं, हळू आलं की जोरात, ह्यानं फरक पडत नाही. एक फेरी पूर्ण झाली की अँगल पुन्हा तोच, म्हणजे साठलेली एनर्जी पुन्हा तेवढीच, ये रे माझ्या मागल्या. वाटेत मॅग्नेटनं जेवढं दिलं तेवढं वाटेतच कुठेतरी परत घेतलं. डोंगराभोवती गोल रस्ता काढलास आणि जिथून निघालीस तिथेच आलीस तर चढ आणि उतार सारखेच भरणार, मग रस्ता नागमोडी कर की सरळ. तू जी स्पायरल मांडणी केलीस, चाक आणि स्टेटरमधली गॅप हळूहळू कमी होत जाणारी, तिच्यात लांबलचक सावकाश उतार मिळतो म्हणून चाक मस्त पळतं आणि आपल्याला वाटतं जिंकलो, आणि मग सगळा चढ एकाच ठिकाणी कड्यासारखा उभा राहतो. तोच तुझा स्टिकी पॉइंट. तेराव्या मॅग्नेटनं तो कडा सरकेल, बुटका होईल, दोन ठिकाणी वाटला जाईल, पण बेरीज हलणार नाही.

मधे लोखंडाची पट्टी आणून मॅग्नेट झाकायचा, म्हणजे अडकायच्या जागी ओढच लागणार नाही, ही आयडिया पण तुला सुचेलच, सगळ्यांना सुचते. पट्टी मॅग्नेटला स्वतःच चिकटते, ती ओढून काढायला जोर लागतो, आणि वाचलेलं सगळं तिथे भरून जातं, वर लोखंडाला दर वेळी चुंबक बनवण्या-उतरवण्यात (ह्याला हिस्टेरेसिस म्हणतात) थोडं गरम होण्यात जातं ते वेगळंच. मी शहाणपणा करून स्टेटर अॅल्युमिनियमच्या प्लेटवर बसवला होता, का तर अॅल्युमिनियम मॅग्नेटला चिकटत नाही. चाक आधीपेक्षा लवकर थांबायला लागलं! हलत्या मॅग्नेटमुळे प्लेटमध्ये एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह तयार होतात आणि ते ब्रेक लावतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोवर मी बेअरिंगला दोष देत होतो आणि तेल घालत होतो.

"पण सर, एनर्जी मॅग्नेटमध्ये साठलेली असेल ना, मॅग्नेट कमजोर होईपर्यंत तरी चालेल." हा प्रश्न तू विचारणारच म्हणून गणितच करून ठेवलंय. आजचे सगळ्यात तगडे निओडायमियम मॅग्नेट, त्यांचा एनर्जी प्रॉडक्ट (मॅग्नेट किती तगडा हे सांगणारा आकडा) घनमीटरला साधारण ४०० किलोज्यूल. त्यावरून एका घन सेंटीमीटरचा मॅग्नेट बाहेरच्या गॅपमध्ये जास्तीत जास्त ०.२ ज्यूलच्या आसपास एनर्जी उभी करू शकतो. रिमोटमधल्या डबल ए सेलएवढा, म्हणजे ८ घन सेंटीमीटरचा मॅग्नेट घेतलास तर दीडेक ज्यूल. त्यात एक किलोचं वजन पंधरा सेंटीमीटर उचललं जाईल, एकदा, आणि संपलं. तेवढ्याच आकाराच्या अल्कलाइन सेलमध्ये दहा हजार ज्यूल असतात. तीस वॉटचा पंखा सेकंदाला तीस ज्यूल खातो, म्हणजे तुझा मॅग्नेट अगदी पिळून काढला तरी पंखा सेकंदाचा विसावा भाग चालेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तू पेटंटचं लिहिलंयस. हो, आहे, हॉवर्ड जॉन्सनला १९७९ मध्ये अमेरिकेत परमनंट मॅग्नेट मोटरचं पेटंट मिळालं, नंबर ४१५१४३१, आणि त्या नंबरावर आजपर्यंत कितीतरी लोकांची झोप उडालीय. पण पेटंट म्हणजे मशीन चालतं ह्याचं सर्टिफिकेट नसतं, आणि इतकी वर्षं झाली तरी त्यावरून बनलेली, कुणीही टेबलावर ठेवून मोजू शकेल अशी मोटर आलेली नाही. डब्लिनच्या स्टिऑर्न कंपनीनं तर २००६ ला 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये जाहिरात देऊन शास्त्रज्ञांना आव्हानच दिलं होतं की आमचं मॅग्नेटचं यंत्र तपासा. २००७ ला लंडनमध्ये डेमो ठेवला, तो झालाच नाही, म्हणे लाइटच्या गरमीनं बेअरिंग बिघडलं (बेअरिंग बिचारं, माझ्या वेळेपासून त्याच्यावरच येतं सगळं), आणि २००९ ला त्यांनीच तपासायला नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या ज्युरीनं एकमतानं सांगितलं की एनर्जी तयार होते हे काही दाखवलेलं नाही.

आणि ह्यात आपण काही वेडे वगैरे नाही हं. १२६९ च्या ऑगस्टमध्ये पेत्रुस पेरेग्रिनुस नावाच्या माणसानं इटलीत लुचेराच्या वेढ्यात, सैन्याच्या छावणीत बसून मित्राला एक लांब पत्र लिहिलं, चुंबकावरचं. चुंबकाची दोन टोकं, तुकडे केले तरी प्रत्येकाला पुन्हा दोन टोकं, हे सगळं त्यात नीट, हातानं करून बघून लिहिलंय. आणि त्याच पत्राच्या शेवटी चुंबकावर कायम फिरणारं दातेरी चाक. इतका बारीक बघणारा माणूस, तो पण तिथे पोचलाच. त्यानं असंही लिहिलं होतं की गोल चुंबक नीट टांगला तर तो आकाशाबरोबर आपोआप फिरेल, आणि नाही फिरला तर दोष तुझ्या कौशल्याचा समज, निसर्गाचा नव्हे. साडेसातशे वर्षं झाली, अजून प्रत्येक व्हिडिओखाली हेच लिहिलेलं असतं, अलाइनमेंट नीट करा.

व्हिडिओंचं फार बोलत नाही. कॉम्प्युटरच्या फॅनवर चार मॅग्नेट चिकटवून फिरवतात तो फॅन मुळात आतून कॉइल आणि हॉल सेन्सरवालाच (मॅग्नेट समोर आला हे ओळखणारा सेन्सर) असतो, आणि मधल्या दांड्याभोवतीच्या बुशात छोटा सेल सहज लपतो.

तुझं चाक मात्र मोडू नकोस, फार सुबक झालंय, माझं असं नव्हतं. पुढच्या रविवारी एक कर. रिमला दोरा गुंडाळ, त्याला ताणकाटा लाव, मागे कोनमापक चिकटव आणि दर दहा अंशांवर चाक किती जोरानं ओढतंय ते लिहून काढ, छत्तीस रीडिंग होतील. पुढे ढकलतं तिथे अधिक, मागे ओढतं तिथे उणे. ग्राफ काढलास की एका बाजूला लांब बुटका डोंगर दिसेल आणि दुसऱ्या बाजूला अरुंद उंच सुळका, आणि दोन्हीचं क्षेत्रफळ मोजलंस की ते सारखं येईल, हे मी सांगून तुला पटणार नाही आणि पटूही नये, स्वतः चौकोन मोज.

मग त्या स्टेटरच्या पट्टीवरचे मॅग्नेट काढ आणि त्या जागी एक कॉइल बसव, शेजारी रीड स्विच (मॅग्नेट जवळ आला की आपोआप लागणारा), आणि एक सेल जोड. रिमवरचा मॅग्नेट समोर आला की स्विच लागेल, कॉइल ढकलेल, मॅग्नेट गेला की बंद. माझा हात जे करत होता तेच, पण हिशेबात धरता येईल असं, इतके व्होल्ट, इतके अँपिअर. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंख्यापासून इलेक्ट्रिक गाडीपर्यंत ज्या मोटरींमध्ये परमनंट मॅग्नेट आहेत त्या सगळ्या ह्याच जातीच्या, त्यांच्यात मॅग्नेट खूप मोठं काम करतो, फील्ड उभं करायला करंट लागत नाही, त्यामुळे तेवढं कॉपरमधलं गरम होणं वाचतं. स्विच कधी लावायचा, किती अंश आधी, ह्यात डोकं घाल, त्यात तुला माझ्यापेक्षा पुढे जाता येईल.

निओडायमियम हाताळताना दोन मॅग्नेट एकमेकांजवळ सोडू नकोस, बोट मधे सापडलं तर रक्त साकळतं, आणि फुटले तर कपच्या डोळ्यात उडतात, चष्मा घाल.

आणि हो, रीडिंग दोन्ही बाजूंनी फिरवून घे आणि सरासरी काढ. मी पहिल्या वेळी सगळी रीडिंग चाक उलटं ओढत घेतली होती, त्यात बेअरिंगचं घर्षण दर वेळी अधिक बाजूलाच पडत गेलं, बेरीज चांगली घसघशीत फायद्यात आली आणि दोन दिवस मी कुणाशी नीट बोलत पण नव्हतो, आता आपण कोण आहोत ह्या तोऱ्यात.