एलईडी ७० टक्क्यांवर असूनही रीफ टाकी (प्रवाळ पाळलेली खाऱ्या पाण्याची टाकी) अंधारलेली दिसते आणि प्रवाळ फिके पडत आहेत. प्रकाश वाढवावा की कमी करावा?

मोजल्याशिवाय प्रकाश वाढवू तर मुळीच नये. आपल्या डोळ्यांना ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट प्रकाश सर्वांत तेजस्वी भासतो, तर रीफसाठीचे एलईडी मुख्यतः ४२० ते ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देतात; तो आपल्याला मंद वाटला, तरी प्रवाळांच्या ऊतींत राहणाऱ्या झूझँथेली शैवालांना तो भरपूर उपयोगी पडतो. लक्समीटरही मानवी डोळ्याच्याच हिशेबाने मोजत असल्याने निळ्या दिव्याखाली त्याचा आकडा फसवा असतो.

त्यामुळे पार (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश) मीटर मिळवावा, विकत घेणे शक्य नसल्यास चार दिवसांसाठी उसना आणावा. तो ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाश दर चौरस मीटरला, दर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडतात या एककात मोजतो. जुन्या बनावटीचे काही सेन्सर निळा प्रकाश कमी दाखवतात, आणि सेन्सर पाण्यात बुडवल्यावर वाचन घटते, म्हणून उत्पादकाने दिलेला बुडीत-गुणक लावला आहे ना, हे आधी पाहावे. सेन्सर प्रत्येक प्रवाळाच्या जागी, त्याच उंचीवर, सरळ वर तोंड करून धरावा. लाटांमुळे आकडा नाचतो, तेव्हा पंप थोडा वेळ बंद ठेवावा. दिव्याच्या थेट खाली ३०० आणि कोपऱ्यात जेमतेम १०० असा फरक एकाच टाकीत सहज आढळतो. टक्केवारी हे कधीच सांगत नाही.

मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५०, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना २०० ते ३५० हा पल्ला मी मानतो. दिवसाची लांबीही धरावी लागते: २०० वर १० तास म्हणजे दिवसाला ७.२ मोल.

आकडा या पल्ल्याच्या वर असेल, तर तीव्रता लगेच थोडी उतरवावी किंवा दिवा उंच करावा. वाढवायची वेळ आली, तर मात्र आठवड्याला ५ टक्क्यांहून अधिक नको. मी एकदा एका संध्याकाळी ४० वरून थेट ६० टक्के केले होते, आणि काही दिवसांत अ‍ॅक्रोपोराची टोके पांढरी पडली. ते तुकडे वाचले नाहीत. पिवळसर पाण्यात नवा सक्रिय कोळसा टाकल्यावरही असाच धक्का बसू शकतो, कारण पाणी एकदम स्वच्छ होते.

आकडा पल्ल्यात असूनही फिकेपणा राहिला, तर नायट्रेट व फॉस्फेट तपासावे. ती दोन्ही शून्यावर आली असतील, तर दिव्याला हात न लावता आधी खाद्य वाढवावे.