तासिका तत्त्वावर आणखी किती वर्षे?

प्रश्न : मी समाजशास्त्रात नेट आणि पीएचडी केली आहे. प्रबंध ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कंत्राटी कामगारांवर होता. सकाळी ठाण्यातील आणि दुपारी पनवेलमधील महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. मानधन सत्र संपल्यावर कधीतरी जमा होते आणि लेखन मागे पडते. अनुभवासाठी दोन्हीकडे टिकून राहावे, की संशोधनवृत्तीसाठी प्रयत्न करावा?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ज्या अनुभवासाठी आपण एवढी धावपळ करता, तो भरतीच्या वेळी ग्राह्य धरला जाईलच असे नाही. हंगामी किंवा कंत्राटी सेवा थेट भरतीत मोजण्यासाठी त्या काळातील एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी नसावे, अशी अट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत आहे. त्या पदाचे मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होते; तासिकांच्या मानधनातून ते गाठणे जवळपास अशक्यच. मानधनाचा दर शासनाने ठरवायचा आणि तो कमी पडल्याची शिक्षा शिक्षकाने भोगायची, हा उफराटा न्याय आहे, पण अर्ज भरताना तो गृहीत धरावाच लागतो.

याच नियमावलीतील छाननीच्या गुणतक्त्यात अध्यापन आणि पीएचडीनंतरचे संशोधन यांना सारखेच गुण आहेत : वर्षाला २, कमाल १०. म्हणून माझा कौल संशोधनवृत्तीकडे आहे. आपल्या विषयासाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएसएसआर) दोन वर्षांची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप पाहावी. या परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरी संकुलातच आहे. जाहिरातीची वाट न पाहता संलग्न संस्था आणि मार्गदर्शक आधीच ठरवावेत, कारण संमतिपत्रासाठी ऐनवेळी धावाधाव होते. प्रस्तावात प्रबंधाचाच सारांश देण्याचा मोह टाळावा. रासायनिक कारखान्यांच्या जागी आयटी पार्क उभे राहिल्यावर त्या कामगारांची पुढची पिढी कोणत्या कंत्राटावर राबते, हा प्रश्न आपल्या दाराशीच आहे आणि त्यावर स्वतंत्र अभ्यास होऊ शकतो. नवोदित संशोधकांसाठी म्हणून जाहीर होणारी अनेक मोठी अनुदाने मात्र नियमित पदावरील अध्यापकांनाच मिळतात. अर्ज करण्यापूर्वी पात्रतेची अट वाचावी. पैसे घेऊन आठवड्यात शोधनिबंध छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नये.

निकाल लागेपर्यंत ठाण्याचे काम ठेवावे, पनवेलचे सोडावे. सोडण्यापूर्वी तेथून नियुक्तिपत्र, विद्यापीठाचे मान्यतापत्र आणि तासिका व मानधन नमूद केलेला अनुभवाचा दाखला मागून घ्यावा.