कॅसान्ड्रा क्लस्टरला चौथा नोड जोडल्यापासून काही नोंदी कधी सापडतात, कधी सापडत नाहीत. असे का होते?

आपण लिहिले आहे की पणजीतील आपल्या तीन नोडांच्या कॅसान्ड्रा क्लस्टरला, म्हणजे एकच डेटाबेस मिळून चालवणाऱ्या सर्व्हरांच्या गटाला (आवृत्ती ४.०, रेप्लिकेशन फॅक्टर ३, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती), चौथा नोड जोडताच तो मिनिटाभरात ‘यूएन’ (चालू व सामील झालेला) दिसू लागला, आणि तेव्हापासून कळंगुटच्या हॉटेलांची काही बुकिंग एकदा शोधल्यास मिळत नाहीत व पुन्हा शोधल्यास मिळतात. नोड इतक्या लवकर तयार होणे हेच मला संशयास्पद वाटते.

रीतसर सामील होणारा नोड आधी ‘यूजे’ (सामील होत असलेला) अवस्थेत राहतो, आपल्या वाट्याचा डेटा जुन्या नोडांकडून घेतो, आणि तो पूर्ण आल्यावरच ‘यूएन’ होतो. आपल्या नव्या नोडाच्या कॅसान्ड्रा डॉट यॅमल या सेटिंगांच्या फाइलमध्ये सीड्सच्या (क्लस्टरची ओळख करून घेण्यासाठी ज्यांच्याशी आधी संपर्क साधायचा त्या नोडांच्या) यादीत त्याचा स्वतःचाच पत्ता असावा, असा माझा अंदाज आहे. असा नोड बूटस्ट्रॅप (जुना डेटा आणण्याचे काम) करीतच नाही; तो टोकन (डेटातील वाटा ठरवणारे आकडे) घेऊन आपला वाटा जाहीर करतो, पण त्याच्यापाशी जुना डेटा काहीच नसतो. नोडटूल या देखरेखीच्या साधनाच्या स्टेटस आज्ञेतील ‘लोड’ (साठवलेल्या डेटाचा आकार) त्याच्यापुढेच अगदी कमी दिसत असेल, तर खात्री झाली असे समजा. वाचन ‘वन’ पातळीवर (एकाच प्रतीला विचारून) असेल, तर विनंती या नोडाकडे गेली की उत्तर रिकामे येते. ‘क्वोरम’ पातळीवर तीनपैकी दोन प्रती विचारल्या जातात व त्यांतली किमान एक जुन्या नोडावरची असते, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत वाचन क्वोरमवर ठेवावे.

जुन्या नोडांवर क्लीनअप अद्याप चालवले नसेल, तर ते मुळीच चालवू नका, कारण त्यांच्यावरचा जुना डेटा अजून जागेवर आहे आणि क्लीनअप तो ‘आता आपल्या वाट्याचा नाही’ म्हणून पुसून टाकील. (ते आधीच चालवून झाले असेल, तर पुढची कृती न करता नव्या नोडावर पूर्ण रिपेअर (प्रती ताडून जुळवणारी आज्ञा) चालवा.) एरवी नव्या नोडावर नोडटूल डिकमिशन (नोड क्लस्टरमधून रीतसर काढण्याची आज्ञा) द्यावे, म्हणजे मधल्या काळात त्याच्याकडे आलेल्या नोंदी इतरांकडे जातील, मग त्याची डेटा, कमिटलॉग व सेव्हड कॅशेस ही फोल्डरे रिकामी करावीत, सीड्समध्ये फक्त जुन्या नोडांचे पत्ते ठेवावेत आणि तो पुन्हा सुरू करावा.

सुरू करण्यापूर्वी क्लस्टरचे नाव आणि स्निच (कोणता नोड कुठल्या रॅकमध्ये आहे हे सांगणारी सेटिंग) जुन्यांशी जुळतात हे पाहावे. नम टोकन्स (एका नोडाच्या टोकनांची संख्या) हेही तेवढेच हवेत: ४.० मध्ये मूळ आकडा १६ असला, तरी ३.११ वरून चढवलेल्या क्लस्टरमध्ये तो बहुधा २५६ असतो. नोडांच्या आपसांतील संवादाचे पोर्ट ७००० दोन्ही बाजूंनी उघडे असावे. नवे यंत्र खरोखर दुसऱ्या रॅकमध्ये बसवले असले, तरी कॅसान्ड्रा-रॅकडीसी या फाइलमध्ये रॅकचे नाव जुन्या तिघांचेच द्यावे. नेटवर्क टोपॉलॉजी स्ट्रॅटेजी ही प्रतींच्या जागा ठरवणारी पद्धत त्या वेगवेगळ्या रॅकवर ठेवू पाहते, त्यामुळे एकट्या नोडाचा रॅक केल्यास प्रत्येक नोंदीची एक प्रत त्याच्याच माथी येते, आणि ७५ टक्क्यांच्या जागी त्याला १०० टक्के भार उचलावा लागतो. हा प्रकार मला सीड्सच्या चुकीपेक्षा अधिक फसवा वाटतो, कारण त्यात लॉगमध्ये काहीही वावगे दिसत नाही.

नोड पुन्हा सुरू केल्यावर डेटाचा प्रवाह कितपत पुढे गेला ते नोडटूल नेटस्टॅट्सवर दिसते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्याने यूपीएसवर विसंबून हे काम भर पावसात काढू नये. मध्येच खंड पडल्यास फोल्डरे रिकामी करून पुन्हा आरंभ करणे सर्वांत निर्धोक, आणि ‘यूजे’ नोड वाचनाची उत्तरे देत नसल्याने बुकिंगना तोवर बाधा येत नाही. पर्यटनाच्या हंगामाआधी पाचवा नोडही हवा असेल, तर चौथा ‘यूएन’ झाल्यावरच त्याला हात घालावा. सगळे नोड रीतसर जोडून झाले की मग शेवटचा जोडलेला नोड सोडून बाकी सर्वांवर क्लीनअप चालवावे, तेही एकेका नोडावर आणि रात्रीच्या वेळी, कारण त्या काळात डिस्कवर चांगलाच ताण येतो.