सिगारची पेटी आणि आपला उन्हाळा

प्रश्न : गेल्या वर्षी जावयांनी परदेशातून येताना पंचवीस सिगार आणि ते ठेवण्यासाठी ह्युमिडॉर म्हणजे लाकडी पेटी आणली. ती दिवाणखान्यातील कपाटावर ठेवून तिच्यातील स्पंज मी नियमितपणे बोअरच्या पाण्याने भिजवत आलो, तरीही एप्रिलमध्ये बऱ्याच सिगारांचे वरचे पान तडकले. आता श्रावणात दोन सिगारांना टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसतात आणि पेटीच्या तळाशी बारीक भुकटी साचली आहे. झाकणावरचा आर्द्रतेचा काटा मात्र बाराही महिने ७० टक्केच दाखवतो. माझे काय चुकले?
— एक वाचक, वसमत

उत्तर : आधी भोकांचे पाहू, कारण तेथे दिरंगाई परवडणार नाही. ती तंबाखूच्या भुंगेऱ्याने पाडलेली आहेत. आपण वसमतचे असल्यामुळे हा किडा आपल्या पाहण्यातला असेल. साठवणीतल्या हळकुंडांना पोखरून त्यांचे पीठ करणारा लालसर तपकिरी किडा तो हाच. त्याची अंडी पानाबरोबरच येऊ शकतात आणि तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिले की ती उबण्याचा धोका वाढतो. भोके पडलेले दोन्ही सिगार टाकून द्यावेत. उरलेले दुहेरी झिप पिशवीत हवाबंद करून एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग किमान तीन दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आणि पुन्हा एक दिवस खालच्या कप्प्यात ठेवून, पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावेत. ही चढउतार घाईने केल्यास पान फाटते. दरम्यान रिकामी पेटी कोरड्या कुंचल्याने कानाकोपऱ्यांतून झाडून घ्यावी.

आता त्या काट्याविषयी. एप्रिलच्या फुफाट्यात आणि श्रावणाच्या झडीत जो काटा एकच आकडा दाखवतो, तो बिघडलेला आहे असे समजावे. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि तो घरीच तपासा : बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घाला (मीठ विरघळता कामा नये), आणि टोपण व मापक एका झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. त्याने ७१ दाखवले, तर पुढे प्रत्येक वेळी चार मिळवून वाचावे.

पान तडकण्याचे कारण वेगळे आहे. पेटीच्या आतले लाकूड स्पॅनिश सीडर या नावाने ओळखले जाते. नावावरून देवदार वाटला तरी ते झाड कडुनिंबाच्या कुळातले आहे. हे लाकूड कोरडे असताना स्पंजमधली ओल आधी स्वतःच पिते, सिगारांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. म्हणून सिगार आत ठेवण्यापूर्वी ८४ टक्के आर्द्रतेची तयार पुडी घालून पेटी दोन आठवडे बंद ठेवावी लागते. काही जण ओल्या फडक्याने लाकूड पुसून काढतात, पण त्याने फळ्या फुगून झाकण नीट बसेनासे होते. बोअरचे पाणी तर मुळीच वापरू नये, कारण त्यातील क्षार स्पंजमध्ये साचून त्याची छिद्रे बुजतात. बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर आपण रोज पाहतोच. डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

तडकलेले पान सांधता येत नाही. नुसते कोरडे पडलेले सिगार ६२ टक्क्यांपासून हळूहळू, काही आठवडे घेऊन ओलीवर आणावेत. एकदम ओल दिल्यास आतली तंबाखू फुगते आणि बाहेरचे पान उकलते. उडून गेलेला सुवास मात्र परत येत नाही.

स्पष्ट सांगायचे तर, या पेट्या १८ ते २१ अंशांच्या खोलीसाठी असतात. पेटी आर्द्रता सांभाळते, तापमान नाही. आणि चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या मे महिन्यात कपाटाचा माथा ही घरातल्या सर्वांत उष्ण जागांपैकी एक असते. तेव्हा मार्च ते जून पेटीचा मोह सोडून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्यात ६५ टक्क्यांची पुडी ठेवावी आणि डबा जुन्या वाड्याच्या मधल्या खोलीत, जमिनीलगत, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा. कूलरच्या झोतात तो नको, कारण तेथील हवा दिवसभरात कधी दमट, कधी कोरडी होते. पावसाळ्यात पानावर पांढरी किंवा हिरवट लव दिसली तर ती बुरशी होय. वरवरची असेल तर पुसता येते; टोकाच्या तंबाखूत शिरलेली असल्यास सिगार फेकावा.

प्रश्न : सिगारवरचे सेलोफेन काढून ठेवावे काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : राहू द्यावे. त्यातून ओल सावकाश आत-बाहेर होत राहते, आणि एखाद्या सिगारातून किडा निघालाच तर शेजाऱ्यापर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागतो.