तबलजीशिवाय मायनर सुरू करू नकोस

अगं,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला आणि पीडीएफ काल दुपारी, चष्मा लावून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. अभ्यासक्रम नीट झालाय, त्यावर मी काही बोलत नाही. प्राचार्य म्हणतायत जूनपासून नृत्याचं मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) सुरू करा, बीओएसची, म्हणजे अभ्यास मंडळाची, मीटिंग तोंडावर आलीये, आणि तुझं डोकं कशात अडकलंय तर फक्त कथक ठेवू की भरतनाट्यम, लावणी सगळंच थोडं थोडं घेऊ, कधी घुंगरू न बांधलेल्या मुली आणि परीक्षा दिलेल्या मुली एका वर्गात कशा घेऊ, थिअरी किती, प्रॅक्टिकल किती. सगळं विचारलंस, पण जे विचारायला हवं होतं ते नाही विचारलंस. बजेटच्या पानावर स्पीकर आहे, आरसे आहेत, मॅट आहे, प्रोजेक्टरसुद्धा आहे (प्रोजेक्टर कशाला गं?). तबलजी कुठाय?

आधी तुझे प्रश्न उरकते. कथकच ठेव, कारण तुला ते येतं. लावणीवर दोन लेक्चर घेऊन लावणी शिकवली असं म्हणायचं असेल तर त्यापेक्षा नको, बैठकीची लावणी करणारी कुणी बाई मिळाली तर तिला बोलव, व्यवस्थित मानधन दे आणि तू मागे बसून ऐक. मुलींचं म्हणशील तर पहिल्या सेमिस्टरला सगळ्या एकत्र. गांधर्व मंडळाच्या परीक्षा दिलेल्या ज्या येतील त्यातल्या कितीतरी दहावीच्या वाढीव मार्कांसाठी शिकलेल्या आणि अकरावीत घुंगरू माळ्यावर टाकलेल्या असतात. 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा दिलेली मुलगी चौगुन, म्हणजे चौपट लय, फटाफट करून दाखवते आणि बरोबरीच्या, साध्या एकपट लयीत ताथेई थेई तत् करायला सांगितलं की डगमगते, तेव्हा नवख्या मुलीत आणि तिच्यात तुला वाटतो तेवढा फरक नसतो. झालं.

आता क्रेडिटचा हिशोब तूच केलायस, मी फक्त पुढची ओळ लिहिते. आपल्याकडे मायनरला १८ ते २० क्रेडिट, तू २० धरलेस, त्यातले १२ प्रॅक्टिकलचे. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे १२ गुणिले ३०, ३६० तास. हे ३६० तास वर्गात तबला कोण वाजवणार? तू? तू पढंत करणार म्हणजे बोल म्हणून दाखवणार, टाळी धरणार, कुणाचा गुडघा आत वळतोय ते बघणार, मागच्या रांगेत कोण फक्त हात हलवतंय ते बघणार, आणि मध्येच मोबाईलवर लय वाढवणार?

प्राचार्य काय म्हणाले असतील ते मला न सांगता कळतं. "अ‍ॅप आहे की मॅडम." आहे ना, माझ्याही फोनमध्ये आहे, घरी रियाजाला मी तेच लावते, लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी फिरती सुरावट, पण सुरेख वाजतो त्यात. पण अ‍ॅपला ऐकू येत नाही. तीनतालाचा ठेका घे. नवव्या मात्रेला खाली (टाळी नसलेली जागा) आली, मग तिं तिं ता, डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा तबला, गप्प झाला, आणि चौदाव्या-पंधराव्याला धिं धिं म्हणत परत आला. आता एखादी मुलगी तिहाईत, म्हणजे तीनदा म्हणून समेवर यायच्या तुकड्यात, अर्धी मात्रा मागे पडली आणि तिला आपण कुठे आहोत तेच कळेना झालं, की चांगला तबलजी काय करतो, तो लय सोडत नाही, वर बघतो, आणि डग्ग्याचा तो गप्प बसण्याचा आणि परत येण्याचा फरक इतका ठळक करतो की मुलीच्या पायाला समेचा, तालाच्या पहिल्या मात्रेचा, अंदाज येतो. कुणी काही बोलत नाही. मुलगी समेवर येते, तो मान हलवतो, ती हसते. हे मी शिकवू शकत नाही, तूही शकत नाहीस, ते त्या दोघांच्या मधे होतं. स्पीकरवर वाढलेली मुलगी चुकली की थांबते आणि म्हणते "मॅम, परत पहिल्यापासून लावा ना". म्हणून म्हणते, तबलजीशिवाय मायनर सुरू करू नकोस.

तुला वाटेल म्हातारीचा हट्ट आहे. असू दे. विद्यापीठांत नाच बऱ्याचदा बाजूच्या दाराने आलाय हे लक्षात ठेव. अमेरिकेत विस्कॉन्सिनला १९२६ मध्ये नृत्याची पदवी सुरू झाली ती बायकांच्या शारीरिक शिक्षणाच्या विभागात, आणि ती उभी करणाऱ्या मार्गारेट हडोब्लर मुळात बास्केटबॉल शिकवायच्या. बाई मोठ्याच, पण दार कुठलं ते बघ. आपल्याकडच्या नव्या रचनेतही सीसीच्या, म्हणजे अभ्यासपूरक उपक्रमांच्या, खान्यात खेळ, एनसीसी, एनएसएस आणि नाच एकाच रांगेत उभे आहेत, मग प्राचार्यांना नाच म्हणजे म्युझिक लावून केलेली पीटी वाटली तर त्यांचा तरी काय दोष. याउलट पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ साली निघालं तेव्हा नाच, संगीत, नाटक एका छपराखाली ठेवलं, कथकच्या अभ्यासक्रमाला रोहिणीताई भाट्यांसारखं माणूस होतं. मुंबईत कनक रेळ्यांनी तर नालंदा हे नाचाचं अख्खं कॉलेजच उभं केलं. तुझ्याकडे छप्पर नाही, तुझ्याकडे सेमिनार हॉल आहे आणि तोही मंगळवारी प्लेसमेंटवाल्यांना लागतो. ठीक आहे. पण त्या हॉलमध्ये एक माणूस तबला घेऊन बसला की तो संगीताचा वर्ग होतो, नाही बसला की गॅदरिंगची प्रॅक्टिस.

माझं तुला ऐकून माहीत असेलच, लोक तिखटमीठ लावून सांगतात. मी ज्या कॉलेजात होते तिथे असाच कोर्स मंजूर झाला, फाईल परत आली तेव्हा बाकी सगळं जसंच्या तसं आणि साथसंगतकाराच्या ओळीवर लाल रेघ. मी सही केली नाही. मला समजावलं, "आधी सुरू तर करा, नंतर बघू", आणि नंतर बघू म्हणजे काय ते मला माहीत होतं. मग दुसऱ्या कुणी सही केली, कोर्स सुरू झाला, आजही चालतो, सीटा भरतात. हे मला अजून तोंडावर ऐकवतात, की बघा ताई, तुमच्यावाचून अडलं का. नाही अडलं. त्यातल्या काही मुली माझ्याकडे शिकल्या असत्या, हे मला टोचतं, खोटं कशाला बोलू. पण एकदा मी त्यांची परीक्षा बघायला गेले होते. मुली तयार होत्या, चक्कर स्वच्छ, हस्तकं स्वच्छ, एकही जण समेला चुकली नाही, आणि एकीनेही समेला कुणाकडे बघितलं नाही. बघणार कुणाकडे? स्पीकरचा डबा कोपऱ्यात वाजत होता. मी सही केली असती तर त्या परीक्षेच्या कागदावर माझं नाव असतं. तेव्हा माझा निर्णय बरोबर होता की नाही यावर वाद घालायला तू मोकळी आहेस, मी घालणार नाही.

आणि हो, "सध्या संगीत विभागातल्या तबल्याच्या मुलांना बसवते" असं लिहिलंयस ते खोडून टाक. बसव जरूर, पण पैसे देऊन आणि टाइमटेबलवर नाव घालून. चहा पाजून तबला वाजवून घ्यायची आपल्याकडे फार जुनी खोड आहे, कलेची सेवा म्हणायचं आणि रिक्षाचे पैसे पण द्यायचे नाहीत. तुझ्या पगारासाठी तू नेट दिलीस ना? मग त्या तबल्याच्या मुलाने पण वर्षानुवर्षं हात घासलेत.

तुमचं कॉलेज ऑटोनॉमस (स्वायत्त) आहे, बीओएस तुमचंच आहे, म्हणजे "विद्यापीठ मान्य करत नाही" ही सबब अर्धी तरी गेली. तेव्हा हे असं कर. साथसंगतकार हा शब्द बजेटमध्ये एकटा टाकू नकोस, तिथे तो सगळ्यात आधी कापला जातो. अभ्यासक्रमातच घाल, प्रत्येक प्रॅक्टिकल पेपरच्या खाली, "अध्यापन व परीक्षा प्रत्यक्ष तबला साथीसह" असं स्पष्ट मराठीत. एकदा ते अकॅडमिक कौन्सिलमधून गेलं की मग तबलजी न देणं हा त्यांचा नियमभंग, तुझा हट्ट नाही. मानधन तासिका तत्त्वावर दाखव, ३६० तास तीन वर्षांत वाटून दाखव, आकडा दिसतो तेवढा भयंकर नाही. प्रोजेक्टर काढ, अर्धे आरसे काढ, आरशात बघून नाचणाऱ्या मुली तशाही मला आवडत नाहीत. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, त्यांना फोटो हवे असतील तर तबल्यासकट फोटो जास्त चांगला येतो, हेही सांग, लाजू नकोस.

आणि तरीही रेघ मारलीच तर यंदा मायनर नको म्हण. रडू येईल, येऊ दे. सीसीमध्ये दोन क्रेडिटचा वर्ग घे, त्याला काय हवं ते नाव दे, पण मायनर नको.

दुरुस्त केलेलं फक्त ते बजेटचं पान आणि प्रॅक्टिकलचे पेपर पाठव, सगळी पीडीएफ परत नको. मीटिंगच्या आदल्या रात्री फोन कर, दहानंतर केलास तरी चालेल, रविवारी सकाळी मात्र नको, माझा क्लास असतो.

ताई