घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून तीन महिने झाले, वडिलांना भात जातो, पण पाण्यानेसुद्धा ठसका लागतो आणि आवाज फुटत नाही. घरी काय करता येईल?

मी स्वतः यातून गेलोय, माझा स्वरयंत्राचा कॅन्सर होता, केमो आणि रेडिएशन दोन्ही झालं, ऑपरेशन नाही. सोलापुरातच असतो. डॉक्टर नाही हां, अनुभव म्हणून वाचा.

भात जातो आणि पाण्याने ठसका लागतो हे ऐकायला उलटं वाटतं, पण पाणीच सगळ्यात अवघड असतं ओ. पातळ असल्यामुळे ते झटकन खाली जातं, आणि रेडिएशनने कडक झालेलं स्वरयंत्र तेवढ्या वेळात वर उचलून श्वासाची वाट बंद करू शकत नाही. आपल्याकडे जो येईल तो सांगतो भाकरी दुधात कुस्करून द्या, नेमकं तेच नका देऊ, दूध पुढं पळतं, तुकडे मागं राहतात आणि दोन्हीचा ताळमेळ लागत नाही. एकजीव पाहिजे सगळं. घट्ट आंबील, मिक्सरमधून काढलेला वरणभात, घोटलेलं दही असं. कडक भाकरी सध्या विसरा. शेंगाचटणीची भुकटी घशाला चिकटून बसते, मी अजूनही दह्यात कालवूनच खातो (सोलापुरात राहून ही वेळ!).

आता महत्त्वाचं. स्पीच थेरपिस्टकडे न्या. लोकांना वाटतं तो फक्त बोलायला शिकवतो, पण गिळायचं बघणारा माणूसही तोच. ते बेरियम (एक्सरेत उठून दिसणारं औषध) मिसळून खायला देतात आणि एक्सरेचा व्हिडिओ काढतात नाहीतर नाकातून दुर्बीण घालून बघतात. हे का करायचं, तर काही जणांची घशातली जाणीवच कमी झालेली असते, घास फुप्फुसाकडे जातो तरी ठसका येत नाही, म्हणजे ठसका थांबला की बरं झालं असं धरून चालत नाही. हनुवटी छातीला लावून गिळायची युक्ती कुणाला लागू पडते, कुणाला नाही, म्हणून यूट्यूब बघून सुरू करू नका. व्यायाम दिले की रोज करायचेच, मला जोर लावून थुंकी गिळायचा आणि तोंड मोठं उघडायचा दिला होता, कंटाळा भयंकर येतो. नाकात जेवणाची नळी असली तरी डॉक्टर हो म्हणत असतील तर थोडं थोडं तोंडाने गिळत राहू द्या, वापर बंद झाला की ते स्नायू आणखी आखडतात.

जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल, ताप असेल, वजन उतरत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, न्यूमोनिया असू शकतो.

आवाजाचं म्हणाल तर कुजबुजू देऊ नका, त्याने घशावर उलट ताण येतो, हळू पण नेहमीच्या आवाजात बोलायचं. टीव्ही बंद करून समोर बसून बोला. लांबून हाक मारायला मी घंटी ठेवली होती, नातवंडांनी तिचा पार खेळ केला. इथला एप्रिल-मे तर तोंडाचं लाकूड करतो, लाळ मुळातच कमी झालेली असते, कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून चुळा भरायच्या, गिळायचं नाही.

अजून एक, थायरॉईडची टीएसएच ही रक्ततपासणी सहा महिन्यांनी-वर्षाने करून घ्या, रेडिएशनने ते मंदावतं आणि माणूस नुसताच थकलाय असं घरच्यांना वाटतं. दात काढायची वेळ आली तर डेंटिस्टला रेडिएशनचं आधी सांगा, जबड्याचं हाड भरून येत नाही कधीकधी.

नळी आहे का अजून त्यांना? कळवा.